अक्षर नसलेल्या काठ्या

"हे मशीन बिघडलंय," दिघे साहेब म्हणाले.

"नाही साहेब, सकाळीच तपासलंय."

"मग परत लाव."

मी परत लावलं. त्यांनी पाय रोवले, टोपी मागे सारली आणि समोरच्या जाळीत चेंडू हाणला. दात असे आवळले होते की वाटावं, आता भिंत फोडूनच जातोय. पडद्यावर आकडा उमटला. चौऱ्याहत्तर.

"मागच्या आठवड्यात ताप होता मला," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "एरवी नव्वदच्या खाली येत नाही मी."

"हो साहेब."

"हसतेयस का तू?"

"नाही साहेब."

खरंच हसत नव्हते. मी त्यांच्या पायांकडे बघत होते. बूट नवे होते, पाय तेच होते.

गोल्फच्या काठीचं डोकं चेंडूवर येताना ताशी किती मैलांनी येतं, तो हा आकडा. तरण्या, जोरकस माणसाचा शंभराच्या आसपास असतो. साठी उलटली की पंचाहत्तर-ऐंशीवर येतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. अशा माणसाला हलकी काठी द्यायची, लवचीक दांड्याची. ती हातात आपणहून फिरते आणि चेंडू उंच जातो. एवढं साधं आहे. अवघड असतं ते त्या माणसाला पटवणं, कारण प्रत्येक दांड्यावर एक इंग्रजी अक्षर छापलेलं असतं. एस म्हणजे स्टिफ, ताठ. आर म्हणजे मधला. ए म्हणजे वयस्करांचा. आणि एल म्हणजे लेडीज. आयटीआय करून मी लोबो सरांच्या दुकानात काठ्या बांधायला लागले त्याला चार वर्षं झाली होती, आणि चार वर्षांत एकाही पुरुषानं आपल्या तोंडानं ए मागितलेला मी ऐकला नव्हता. एलचं तर नावच नको.

"मला एसच हवाय," दिघे साहेब म्हणाले. "वर्धापनदिनाचा चषक तीन आठवड्यांवर आलाय. कप्तान आहे मी क्लबचा, आणि कालची पोरं माझ्यापुढं चाळीस यार्ड मारून जातात. नाव काय तुझं?"

"वैजयंता."

"जमव काहीतरी, वैजयंता. लोबो म्हणत होता तुझ्या हातात गुण आहे."

आडनाव त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं आणि मी खरात म्हणून सांगितलं असतं, तरी काही बिघडलं नसतं. माझ्या वडिलांनी, आबांनी, नऊ वर्षं यांची बॅग खांद्यावरून वाहिली. त्या नऊ वर्षांत यांना ते फक्त 'तुळशा' म्हणून माहीत होते.

आबा क्लबात कॅडी होते, खेळणाऱ्यांच्या बॅगा वाहणारे. तीस वर्षं. त्यांच्या बिल्ल्याचा नंबर चौदा होता आणि कॅडींच्या शेडमधल्या पाटीवर पांढऱ्या रंगात नाव होतं, तुळशीराम खरात. इंग्रजीत दोन्ही क्लबच, पण आमच्या घरात क्लब म्हणजे ती जागा, आणि खेळायची ती काठी. आबांना हजार काठ्यांतली कोणती कुणाची ते हात लावून सांगता यायचं. वारा बघून ते यार्ड सांगायचे आणि साहेब लोक ते निमूट ऐकायचे.

मी तेरा वर्षांची असताना वर्धापनदिनाच्याच सामन्यात, सोळाव्या होलवर, दिघे साहेबांचा चेंडू घाणेरीच्या झुडपात गेला. मुळाशी अडकला होता. आबा शोधत पोचले तेव्हा साहेब आधीच तिथं होते आणि चेंडू झुडपाबाहेर, मोकळ्या गवतात होता. प्रतिस्पर्धी खेळाडूनं चेंडू आत जाताना पाहिला होता. त्यानं तिथल्या तिथं हरकत घेतली.

गोल्फमध्ये याचा नियम फार स्पष्ट आहे. खेळाडूनं जाणूनबुजून चेंडू सरकवला तर तो लबाड. सामन्यातून बाद, वर क्लबात तोंड दाखवायची चोरी. पण कॅडीनं सरकवला तर खेळाडूला फक्त फटक्यांचा दंड बसतो. बाकीचं जे काय व्हायचं ते कॅडीचं होतं.

"तुळशानं सरकवला असणार," दिघे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. "या लोकांना वाटतं, साहेबाला खूश करावं. मी दंड घेतो."

त्यांनी दंड घेतला, आणि दिलदारपणे घेतला म्हणून चहाच्या वेळी त्यांचं कौतुकही झालं. आबांचा बिल्ला त्याच संध्याकाळी काढून घेतला. पाटीवरच्या नावावर काळा रंग मारला. चेंडू सरकवणारा कॅडी म्हणून नाव झालं की दुसरा कुठला क्लब उभा करत नाही. आबा मग एका नर्सरीत रोपांना पाणी घालायला लागले.

मी त्यांना एकदाच विचारलं होतं. ते म्हणाले, "वैजे, मी तीस वर्षांत कुणाच्या चेंडूला पाय लावला न्हाई." आणि हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. या सगळ्याला आता वर्षं झाली, मलाही मुलगी आहे. तेरा वर्षांच्या लेकीला असं उत्तर द्यावं लागणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं, आणि पुन्हा नव्यानं राग येतो.

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा आबा सुपात वालाच्या शेंगा सोलत बसले होते. आई चुलीपाशी होती.

"आज दिघे आले होते दुकानात," मी म्हणाले.

आबांची बोटं थांबली. मग परत चालू झाली. "कशाला?"

"नव्या काठ्या हव्यात."

त्यांनी आणखी दोन शेंगा सोलल्या. मग म्हणाले, "हात आधी येतात का अजून त्याचे?"

"म्हणजे?"

"काठीचं डोकं मागं ऱ्हातं आणि हात पुढं निघून जातात. काठी जड पडती त्याला. कायमच पडायची. मी म्हणायचो, साहेब, जरा हलकी घ्या. ऐकायचा न्हाई."

"बघा," आई म्हणाली. "ज्यानं तुमच्या हातात झारी दिली, त्याच्या हातांची काळजी."

"काळजी न्हाई गं. विचारलं."

"विचारू नका. आणि तू गं, दे त्याला चांगली सळई बांधून. दोन दिवसांत खांदा उतरला पाहिजे."

"तसं न्हाई करायचं," आबा म्हणाले. "गिऱ्हाईक आहे ते. काठीबरोबर पोरीचं नाव जातं."

आई जे म्हणाली ते माझ्याही मनात येऊन गेलं होतं. सगळ्यात सोपं तेच होतं. एस मागितलाय ना, एस द्यायचा, एकशे तीस ग्रॅमचा पोलादी. ते हरले असते, कदाचित खांदाही दुखावला असता, आणि वर पैसे देऊन गेले असते. पण हरतात तर सगळेच. हरलेल्या माणसाकडून काही मागता येत नाही, त्याच्याकडे गमावायला काही उरलेलं नसतं. आणि मला मागायचं होतं. ज्या तोंडानं त्यांनी आबांचं नाव घेतलं त्याच तोंडानं ते परत घ्यायला हवं होतं, तितक्याच लोकांसमोर. याहून कमी काही मला चाललं नसतं.

म्हणून मी दिघे साहेबांना माझ्या हातून त्या वर्षी झालेल्या सगळ्यात चांगल्या काठ्या बांधल्या.

दुकानात माळ्यावर हलक्या दांड्यांचा एक पूर्ण संच पडून होता. पंचेचाळीस ग्रॅमचे, सुरेख लवचीक. चौऱ्याहत्तरला ते असे बसतात जसा जुन्या चपलेचा अंगठा पायाला बसतो. त्यांच्यावर एल होता. वयस्करांचे ए मागवायचे तर सहा आठवडे, आणि सामना तीन आठवड्यांवर. शिवाय खरं सांगायचं तर एच्या आकड्याला साहेब पोचतही नव्हते.

मी बारीक पॉलिशपेपरनं दांड्यांवरची छपाई घासून काढली. काळ्या लॅकरचे दोन हात दिले. डोकी बसवली, तराजूवर तोलून टोकाला शिशाची पावडर घातली, ग्रिप चढवल्या. आठवडाभर, रोज दुकान बंद झाल्यावर, तासतासभर हेच. लोबो सर एकदा मागे येऊन उभे राहिले.

"कोणाच्या?"

"दिघे साहेबांच्या."

त्यांनी एक काठी उचलली, हातात फिरवली, माझ्याकडे बघितलं. ते गोव्याचे, थोडं बोलणारे. "त्याला सांगितलंस?"

"विचारलं तर सांगेन."

"तो विचारणार नाही," लोबो सर म्हणाले आणि आत निघून गेले.

त्यांनी विचारलं, पण वेगळं. न्यायला आले तेव्हा दांड्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "यावर अक्षर कसं नाही?"

"खास माणसासाठी बांधलेल्या काठीवर अक्षर नसतं साहेब."

हे त्यांना एवढं आवडलं की त्यांनी मला ते दोनदा म्हणायला लावलं. मग जाळीत चेंडू मारला. आवाजच वेगळा आला, स्वच्छ, टाळी वाजवल्यासारखा. परत मारला. परत. दहाव्या चेंडूला ते थांबले आणि माझ्याकडे बघून लहान मुलासारखे हसले. त्या क्षणी मला त्यांची कीव आली असती, जर ती सगळी आधीच आबांच्या झारीवर खर्च झालेली नसती.

सामना दोन दिवसांचा होता, शनिवार आणि रविवार. शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला दिघे साहेब दुकानात आले ते पेढ्यांचा पुडा घेऊनच. चार फटक्यांनी पुढे होते.

"दुसऱ्या होलवर एकशे नव्वद यार्ड," ते म्हणाले. "सरळ. डॉक्टर वाघमारे विचारत होते, गोळ्या कसल्या घेतोस. मी म्हटलं, स्टिफ दांडा पेलायला मनगट लागतं." त्यांनी पुडा माझ्यापुढे धरला. "घे बेटा."

लोबो सर पुढच्या दालनात गिऱ्हाइकाशी बोलत होते. मी पेढा घेतला नाही. म्हणाले, "साहेब, सात नंबरची काठी जरा देता? ग्रिप बघते."

त्यांनी दिली. मी ती शिकंज्यात लावली, आकडीच्या पात्यानं ग्रिप उभी चिरली आणि सोलून काढली. साहेब बघत होते. ग्रिपखालचा चिकटपट्टीचा थर मी थिनरनं पुसला. बाकी सगळ्या दांड्यांवरची छपाई मी घासली होती. हा एक दांडा मात्र वरून असा कापला होता की त्याच्यावरचं अक्षर ग्रिपखाली झाकलं जाईल.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

"एल."

"कोणाची काठी ही?"

"तुमचीच. पटर सोडला तर बॅगेतल्या सगळ्या अशाच आहेत."

ते स्टुलावर बसले. आधी त्यांनी मागे वळून दालनाचं दार बंद आहे ना ते पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "फसवलंस तू मला."

"तुमचा आकडा चौऱ्याहत्तर आहे साहेब. त्याला हेच बसतं. चेंडू जातोय ना लांब?"

त्यांनी बॅगेकडे बघितलं. चेंडू जात होता.

"कोणाची गं तू?"

"तुळशीराम खरातांची."

"कोण खरात?"

"तुळशा. चौदा नंबर."

त्यांना आठवायला वेळ लागला. मला ते सगळ्यात जास्त लागलं. आमच्या घरात अकरा वर्षं ज्या गोष्टीशिवाय एक सण गेला नव्हता, ती शोधायला त्यांना कपाळ चोळावं लागलं.

"काय हवंय तुला?"

"उद्या बक्षीस घेताना माइकवर सांगायचं. सोळाव्या होलवर चेंडू कोणी सरकवला ते."

"अकरा वर्षं झाली त्याला."

"हो."

"कोणाला आठवतसुद्धा नाही."

"मग सांगायला सोपं जाईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"काही नाही. ही काठी मी दुकानाच्या काचेत ठेवीन, अशीच, ग्रिप नसलेली. खाली चिठ्ठी लावीन, कप्तान साहेबांची म्हणून."

त्यांनी अंगठ्यानं ते अक्षर घासून बघितलं. बाहेर लोबो सर कोणाला तरी हातमोज्याचं माप समजावत होते. मी पातं हातात धरून उभी होते आणि खरं सांगते, मला भीती वाटत होती. त्यांनी नुसतं म्हणायला हवं होतं, ठेव काचेत. हलक्या काठीनं खेळणं हा कोणत्या कायद्यात गुन्हा आहे? लोक दोन दिवस हसले असते आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या चौघांनी गुपचूप येऊन माझ्याकडे तसल्याच काठ्या मागितल्या असत्या. साहेब ते म्हणाले असते तर मी तिथंच हरले असते.

"नवी ग्रिप बसव याला," ते म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर. आणि हे कुणालाही सांगायचं नाही. तुझ्या बापालासुद्धा नाही."

"नाही सांगणार."

मी ग्रिप बसवली. आपण जिंकलो असं मला आधी वाटलं. पण ते गेल्यावर फरशीवरची चिरलेली ग्रिप उचलताना दुसरंच लक्षात आलं. या माणसानं भर सभेत लबाड ठरणं पत्करलं, बाईची काठी हातात आहे हे कळू देणं नाही. मी रोज त्याच जाळीत, तसल्याच दांड्यानं चेंडू मारायचे. आबांनी अकरा वर्षं मान खाली घालून जे वाहिलं, ते यांच्या तराजूत त्या एका अक्षराएवढंही भरलं नव्हतं.

रविवारी ते जिंकले. बक्षीस समारंभाला लोबो सरांबरोबर मीही गेले होते, मागच्या रांगेत उभी होते. हिरवळीवर खुर्च्या, टेबलावर चषक. दिघे साहेबांनी चषक घेतला, माइक हातात घेतला आणि घसा साफ केला.

"आजच्या आनंदाच्या दिवशी मला एक जुनं ओझं उतरवायचंय," ते म्हणाले. "अकरा वर्षांपूर्वी याच सामन्यात सोळाव्या होलवर माझा चेंडू हलला होता. पुढे माझ्या लक्षात आलं, की माझ्याच बुटाचा धक्का त्याला लागला असावा. नकळत. तो ठपका एका गरीब कॅडीवर आला. मी त्याची जाहीर माफी मागतो."

आधी पुढच्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता सगळी हिरवळ उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. डॉक्टर वाघमाऱ्यांनी त्यांना मिठी मारली. माझ्या शेजारच्या बाई आपल्या मैत्रिणीला म्हणाल्या, "किती मोठं मन लागतं ना याला." साहेबांनी माझ्याकडे एकदा बघितलं. केलं की नाही, असं ते बघणं होतं.

नकळत. माझ्या तावडीत सापडूनही त्यांनी चेंडू तेवढा सरकवून घेतलाच होता.

सोमवारी संध्याकाळी कॅडींचे मुकादम, गवळी मास्तर, घरी आले. आबांच्या हातात बिल्ला ठेवला. तोच, चौदा नंबरचा, इतकी वर्षं ड्रॉवरमध्ये पडून काळपटलेला.

"पाटीवर नाव लावलं परत," ते म्हणाले. "कप्तान साहेबांनीच सांगितलं. म्हणाले, बुधवारी सकाळी माझी बॅग तुळशाच घेणार. सगळे मेंबर असतात बुधवारी. फोटो काढायचाय म्हणे नोटीस बोर्डासाठी."

"काय बोलले ते माइकवर? नीट सांग," आबा म्हणाले.

गवळी मास्तरांनी सांगितलं.

"नकळत," आबा म्हणाले.

"तसंच म्हणाले."

आबांनी बिल्ला सदऱ्याला घासला, चिंच आणायला आईला सांगितलं, आणि जमिनीवर बसून तो पितळी तुकडा चकचकीत होईपर्यंत घासत राहिले. आई माझ्याकडे बघत होती. मी तिलाही काही सांगितलं नव्हतं. शब्द दिला होता, आणि का कोण जाणे, तो मला पाळायचा होता. त्यांच्यासारखं व्हायचं नव्हतं.

"तुम्ही नका जाऊ," मी आबांना म्हणाले. "नाव लागलं, झालं. त्यांच्या फोटोत कशाला उभं राहायचं?"

"गाडीवरनं सोडशील का मला बुधवारी? गुडघे दुखतात."

"आबा."

"साडेसहाला. उशीर नको."

बुधवारी मी त्यांना सोडलं आणि गेले नाही. पहिल्या टीच्या, म्हणजे जिथून पहिला चेंडू मारतात त्या जागेच्या, कुंपणापाशी स्कूटरला टेकून उभी राहिले. दहा-बारा मेंबर चहाचे कप घेऊन जमले होते, शेडपाशी कॅडी उभे होते. आबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, छातीवर बिल्ला. दिघे साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला.

"काय तुळशा, झालं ना मनासारखं?"

"व्हय साहेब."

"चल. घे बॅग."

आबांनी बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला, उचलली, आणि जागच्या जागी थांबले. परत खाली ठेवली. सगळ्यात लांब काठी, ड्रायव्हर, बाहेर काढली आणि दोन बोटांवर आडवी तोलली. मग दांडा किंचित वाकवून बघितला. मला माहीत होतं तसल्या वेळी त्यांचा चेहरा कसा होतो, डोळे बारीक, ओठ आत. त्यांनी एकदा कुंपणाकडे, माझ्याकडे बघितलं. मी कुणालाही काही सांगितलं नव्हतं. पण आबांना सांगावं लागत नाही, त्यांचे हात वाचतात.

"साहेब, थोडं थांबा," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण तीस वर्षं दोनशे यार्डांवर ऐकू जाईल असं बोललेला माणूस तो. "बॅग चुकली वाटतं. ह्या काठ्या बाईमाणसाच्या आहेत. मॅडमची बॅग आली का?"

कुणाचा तरी कप बशीवर वाजला.

"माझीच आहे ती," दिघे साहेब म्हणाले. "दे इकडं."

"तुमचीच? बरं. न्हाई, दांडा लेडीजचा हाय म्हणून विचारलं. चांगला हाय दांडा. सोसंल तुम्हाला."

डॉक्टर वाघमारे पुढे झाले. "बघू रे दिघे, तो मनगटवाला दांडा," असं म्हणून त्यांनी हात पुढे केला, आणि मग जे हसू फुटलं ते शेडपर्यंत गेलं. कॅडी तोंड फिरवून उभे राहिले, त्यांचे खांदे हलत होते. दिघे साहेबांनी आबांच्या हातातून ड्रायव्हर हिसकावला आणि काही दाखवून द्यायचं असल्यासारखा सगळ्या अंगानिशी फिरवला. हात पुढे निघून गेले, डोकं मागे राहिलं. चेंडू उजवीकडे वळत वळत तिथल्याही घाणेरीच्या झुडपात गेला.

"शोध," ते म्हणाले.

आबा बॅग घेऊन चालत गेले. घाई केली नाही, गुडघे सांभाळत गेले. झुडपापाशी वाकून बघितलं, बॅग खाली ठेवली आणि मग पाऊल मोजत मागे आले, चांगली दहा पावलं. दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि टीकडे तोंड करून ताठ उभे राहिले.

"साहेब, चेंडू इथं हाय," ते ओरडले. "मुळाशी अडकलाय. मी लांब उभा हाय. सगळ्यांनी बघून घ्या. माझे हात मागं आहेत, पाय इथं आहेत. नंतर कॅडीवर नको यायला."

टीवर आता कोणी हसत नव्हतं. चहाचे कप हातातच राहिले होते. एकेक जण आबांकडून नजर काढून दिघे साहेबांकडे बघायला लागला, आधी तोंडाकडे आणि मग खाली, बुटांकडे. अकरा वर्षांपूर्वी जे तिथं होते त्यांना सोळावा होल आता आठवत होता, आणि तो 'नकळत' हा शब्दही.

आबा हलले नाहीत. आणि दिघे साहेबांना एवढ्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, एकट्यानं, त्या झुडपापर्यंत चालत जावं लागलं.